स्क्वाड्रन कमांड करून मग एअरलाइनमध्ये जावं, की आत्ताच?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकआसनी लढाऊ विमानावर १४०० तास झालेत, सेवेचं बंधन पुढच्या वर्षी संपतंय. आणखी तीन वर्षं थांबून, स्क्वाड्रन कमांड करून मग मोठ्या एअरलाइनमध्ये जावं का? आणि तिथलं उडवणं तरी सोपं जाईल ना?

कमांड मनापासून हवी असेल तर जरूर थांबा. एअरलाइनवर छाप पडावी म्हणून थांबणार असाल तर थांबू नका. तिथे हुद्दा कोणी विचारत नाही, जॉइनिंगची तारीख विचारतात.

बहुतेक मोठ्या एअरलाइन्समध्ये सगळं सिनिऑरिटी नंबरवर चालतं. कोणतं विमान मिळणार, कोणत्या बेसवर राहणार, सुट्टी कधी, कॅप्टन कधी, सगळं. मंदी आली की कपातही खालून सुरू होते. कंपनी बदलली की पुन्हा तळाशी. वर ६५ वयाची मर्यादा आहेच, त्यामुळे सुरुवातीला घालवलेली तीन वर्षं शेवटच्या, म्हणजे सर्वांत चांगल्या पगाराच्या वर्षांतून वजा होतात. मी वाहतूक विमानांवरून आलो तेव्हा माझ्या बॅचला माझेच जुने कमांडिंग ऑफिसर होते. एकाच दिवशी जॉइन झालेल्यांचा क्रम आमच्याकडे वयावरून लावला, म्हणून त्यांचा नंबर माझ्या एक वर. तेवढाच काय तो मान! दोघंही स्टँडबायवर फोनकडे बघत बसायचो. मला 'सर' म्हणायची सवय मोडायला वर्ष लागलं, त्यांना ऐकायची मोडायला जरा जास्त.

आता तास. १४०० ऐकायला कमी वाटतात, पण फायटरची सॉर्टी, म्हणजे एक फेरी, सव्वा-दीड तासाची असते हे भरती करणाऱ्यांनाही कळतं. अमेरिकेत एअरलाइन पायलटच्या पूर्ण लायसन्सला १५०० तास लागतात, पण लष्करात शिकलेल्याला ७५० तासांवर मर्यादित लायसन्स मिळतं आणि त्यावर को-पायलट म्हणून बसता येतं. हा नियम २०१३चा. युरोपात मात्र थिअरीचे १३ पेपर लिहावे लागतात, तुम्ही आवाजाच्या दुप्पट वेगाने उडत असलात तरी. आणखी एक: लष्करात वेळ बहुधा उड्डाण ते लँडिंग मोजतात, एअरलाइन्स पार्किंगमधून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंत. म्हणून काही कंपन्या दर सॉर्टीमागे ०.२ किंवा ०.३ तास जास्त धरू देतात. अर्जात विचारलं असेल तसंच भरा, मनाने मिळवू नका. लॉगबुकातली गडबड मुलाखतीत लगेच पकडली जाते.

आता उडवण्याबद्दल. विमान तुम्हाला जड जाणार नाही. जड जातो तो शेजारी बसलेला माणूस.

मी आता सिम्युलेटरवर शिकवतो. मध्यंतरी एक फायटरवाला आला, हात असा की बघत राहावं. टेकऑफनंतर तीनशे फुटांवर मी डाव्या इंजिनाला आग दिली. घंटा वाजली, आणि गड्याने एका हाताने विमान सरळ धरून दुसऱ्याने थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद ठरवणारा दांडा, मागे घेतला, इंजिन बंद केलं, फायर स्विच दाबला. इंजिन बरोबर, क्रम बरोबर. मी सत्र थांबवलं आणि को-पायलटला विचारलं, "कोणतं इंजिन गेलं?" तो हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याला सांगता येईना. फायटरवाला म्हणाला, "पण बरोबर केलं ना?"

केलं बरोबरच. पण चारशे फुटांपर्यंत नुसतं विमान उडवायचं असतं, बाकी कशालाही हात लावायचा नाही. नंतरही थ्रॉटलवर एकाने हात ठेवायचा, 'कन्फर्म' विचारायचं, दुसऱ्याने बघून हो म्हटल्यावरच तो मागे घ्यायचा. हा वेळकाढूपणा वाटतो, पण तो का लागतो ते बघा. ४ फेब्रुवारी २०१५ला तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर विमानाचं उजवं इंजिन टेकऑफनंतर निकामी झालं आणि कॅप्टनने डाव्याचा, म्हणजे चांगल्या इंजिनाचा थ्रॉटल मागे घेतला. शेजाऱ्याने थांबून क्रॉस-चेक करायला सांगितल्याची नोंद आहे. ५८ पैकी ४३ जण गेले. तो कॅप्टन हवाई दलातून आलेला होता. त्यामुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही. नागरी शाळेत शिकलेल्यांनीही चुकीची इंजिनं बंद केलेली आहेत. पण एकट्याने झटपट निर्णय घ्यायची सवय तुमच्या हाडीमाशी खिळलेली असते, ती नेमकी घंटा वाजल्यावर वर येते.

उलट उदाहरण अमेरिकी एअरलाइन कॅप्टन सलनबर्गर यांचं. तेही फँटम फायटरवरचे. १५ जानेवारी २००९ला दोन्ही इंजिनं गेलेलं विमान हडसन नदीवर उतरवताना, पाण्याला टेकायला काही सेकंद उरलेले असताना त्यांनी को-पायलटला विचारलं, काही सुचतंय का? त्याला काही सुचलं नव्हतं. तरी विचारलं. मी हे कॉकपिटमधल्या रेकॉर्डिंगचं टिपण प्रत्येक फायटरवाल्याला वाचायला देतो.

मुलाखतीतही हेच चाचपतात. "कॅप्टनशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत?" यावर 'मी एकटाच असतो' हे उत्तर चालत नाही. विंगमनने, म्हणजे जोडीने उडणाऱ्या दुसऱ्या विमानाच्या पायलटने, तुमची चूक दाखवली आणि तुम्ही ऐकलंत, असा एखादा खरा प्रसंग आठवून ठेवा.

राजीनाम्याच्या आधी नागरी वैद्यकीय तपासणी करून घ्या. जी-फोर्सने मान आणि पाठ, इंजिनाच्या आवाजाने कान, हे तुमच्याकडचे नेहमीचे घाव. लायसन्सच्या परीक्षा नोकरीत असतानाच द्या. आणि तुमच्या देशात राखीव दलात राहून उडता येत असेल तर तो पर्याय तपासा. अमेरिकेत अशा सेवेसाठी रजा घेतली तरी एअरलाइनमधला नंबर कायद्याने राखला जातो. तिथे काहीजण एअरलाइनमध्ये असतानाच राखीव स्क्वाड्रनचे कमांडर झालेत. म्हणजे तुमची कमांड कदाचित तशीही मिळेल.