तोंडी येतं, कागदावर येत नाही

प्रश्न : माझा मुलगा मराठी माध्यमात नववीत आहे. आम्ही कराडजवळ राहतो. विज्ञानातलं काहीही विचारा, तोंडी नीट सांगतो. घरातली पाण्याची मोटर खोलून परत जोडतो. पण वाचताना अडखळतो आणि पेपर निम्माच सोडवतो. बोटांचे ठसे घेऊन ‘मूल बघून शिकतं, ऐकून की करून’ हे सांगणारे एक जण ८,००० रुपये मागत आहेत. शाळा म्हणते, एका मुलासाठी पद्धत बदलता येत नाही. त्याला इलेक्ट्रिशियन व्हायचं आहे. आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, आधी ते ८,००० रुपये वाचवा. ठशांवरून शिकण्याची पद्धत कळते याला शास्त्रीय आधार नाही. बघून, ऐकून, करून शिकणारे अशी मुलांची वाटणीही कच्चीच आहे. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन तपासलं. मुलाच्या ‘शैली’प्रमाणे शिकवल्याने ते जास्त शिकतं, याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. विद्युत परिपथ प्रत्येकाला आकृतीत बघावा लागतो, कविता प्रत्येकाला ऐकावी लागते. एकदा शिक्का बसला की मूल म्हणतं, ‘मला वाचून जमतच नाही’ आणि वाचणं सोडतं. नुकसान तिथे होतं.

शाळेने बदलायला मात्र हवंच. तोंडी येतं आणि कागदावर येत नाही, ही अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणाऱ्या अडचणीची, खूण असू शकते. पत्रावरून निदान होत नाही, म्हणून त्याच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या वह्या काढून बघा. ह्रस्व-दीर्घाची सतत अदलाबदल, तुटलेली जोडाक्षरं, घ-ध किंवा भ-म यांत गोंधळ, फळ्यावरून उतरवताना गळलेल्या ओळी, एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेला, असं दिसलं तर त्या पानांना खुणा करा. या वह्या आणि प्रगतिपुस्तकं तपासणीत कामाला येतील, रद्दीत घालू नका.

तपासणीचा क्रम चुकवू नका. पहिल्यांदा डोळे आणि कान. चष्म्याचा नंबर निघाला तर अर्धा प्रश्न तिथेच सुटू शकतो. मग केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी अर्ज करा आणि जिल्हा शासकीय रुग्णालयात चौकशी करा. तिथे ही तपासणी होत नसेल तर ती कुठे होते ते विचारून तिथलं पत्र घ्या. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक मिळून बघतात. बुद्धिमापन होतं, मग वाचन, लेखन आणि गणिताच्या चाचण्या. बहुतेक वेळा एका खेपेत काम होत नाही. खाजगी अहवाल घाईने विकत घेऊ नका, सवलतीसाठी शासकीय प्रमाणपत्रच लागतं.

‘पद्धत बदलता येत नाही’ हे शाळेचं उत्तर कायद्याला धरून नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता येते आणि त्याच्या कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते लिहिणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा नावानिशी उल्लेख आहे. केंद्राच्या सूचनांप्रमाणे जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं. दहावीच्या दोन तासांच्या विज्ञानाच्या पेपरला ४० मिनिटं वाढली तर तो ‘निम्मा पेपर’ पुरा होऊ शकतो. या सवलतींचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो, म्हणून कागद नववीतच तयार करा. दहावीच्या दिवाळीनंतर धावाधाव करणाऱ्यांची मुलं परीक्षेला हातात काही नसताना बसतात.

लेखनिक मिळाला म्हणजे काम झालं असं समजू नका. सांगून लिहून घेणं हे वेगळं कसब आहे. मूल भरभर बोलतं, लेखनिक मागे पडतो, गणिताची पायरी गळते, आकृतीतली नावं राहतात. निदान पाच-सहा पूर्ण पेपर घड्याळ लावून दोघांकडून करून घ्या.

वर्गात शाळेकडून एवढंच मागा : सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला उभं करू नये, फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील टिपण किंवा फोटो द्यावा, घटक चाचणीत काही उत्तरं तोंडी घ्यावीत, विज्ञानात शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. याला पैसा लागत नाही आणि वर्गातल्या आणखी चार मुलांना त्याचा उपयोग होतो. घरी बालभारतीच्या संकेतस्थळावरून पुस्तकाची पीडीएफ घ्या, फोनवर वाचून ऐकवा. तो ऐकताना बोट ओळीवर फिरवू दे. मग पुस्तक मिटून त्याने तोच भाग स्वतःच्या शब्दांत सांगावा. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. नुसतं दहादा ऐकून टिकत नाही, आठवून सांगितल्याने टिकतं.

आता इलेक्ट्रिशियनचं. इथे एक मोठी चूक होते. अध्ययन अक्षमतेच्या मुलांना नेहमीच्या गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं गणित घेण्याची सवलत सुचवली जाते, आणि पास होण्यापुरती ती सोपी वाटते. पण आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला दहावीत विज्ञान आणि गणित लागतं. म्हणून माझा स्पष्ट सल्ला : जादा वेळ घ्या, गरज असेल तर लेखनिक घ्या, तिसऱ्या भाषेची सूटही घ्या, पण गणित बदलून घेण्याआधी आयटीआयच्या प्रवेश पुस्तिकेतली पात्रता वाचा. एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, दहावी करायची वेळ आली तरी विषय निवडताना गणित आणि विज्ञान सोडू नका. तिथे पाच विषय पुरतात आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा. तो पुरा केल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाटही आहे. दहावीत काही अडलंच, तर आठवी पासवर वायरमन ट्रेड मिळतो.

मोटर खोलतो आहे ते थांबवू नका. फक्त प्लग काढल्याशिवाय हात लावायचा नाही, हे पक्कं करून घ्या, आणि खोललेल्या भागांची नावं त्याला एका कागदावर लिहायला लावा. चुकली तर लगेच दुरुस्त करू नका, तो कागदही तपासणीला घेऊन जा.