लॉटरी लागली की माणूस श्रीमंत झाला म्हणायचं का? नशीबवान आणि श्रीमंत एकच ना?

माझ्या मते एकच नाही. नशीबवान बिनधास्त म्हणा, श्रीमंत म्हणायला मात्र जरा थांबा.

केरळची 2022 ची ओणम बंपर लॉटरी घ्या, तिकीट 500 रुपये, पहिलं बक्षीस 25 कोटी. लागली तिरुअनंतपुरमच्या एका रिक्षावाल्याला, गडी मलेशियाला शेफ म्हणून जायच्या तयारीत होता, आणि पोराचा गल्ला फोडून तिकीट काढलं ते पण सोडतीच्या आदल्या दिवशी. इथपर्यंत शुद्ध नशीब, वादच नाही. पण आधी एजंटचं 10 टक्के कमिशन कापलं जातं, मग टॅक्स, म्हणजे हातात येणार साधारण पावणेसोळा कोटी, आणि ते यायच्या आधीच दारात मदत मागणाऱ्यांची ही गर्दी! थोड्याच दिवसांत तो व्हिडिओ टाकून सांगत होता की बक्षीस लागलंच नसतं तर बरं झालं असतं, स्वतःच्या घरात राहता येईना.

इन्कम टॅक्सवाल्यांना हा फरक बरोबर कळतो बघा. पगाराला स्लॅब आहेत, लॉटरीला पहिल्या रुपयापासून सरसकट 30 टक्के, वर सेस (म्हणजे करावरचा जादा कर), आणि वर्षभर वाया गेलेल्या तिकिटांचा खर्च दाखवतो म्हणालात तर तोही चालत नाही.

मोतिहारीच्या सुशील कुमारचं तर नुसतं नशीबही नव्हतं, 2011 ला केबीसीत 5 कोटी जिंकला कारण उत्तरं येत होती. तरी नंतर त्यानंच फेसबुकवर सगळं लिहिलं, गुप्तदानाच्या नादात लोकांनी कसं फसवलं, दारू-सिगरेट कशी लागली वगैरे. जिंकणं वेगळं आणि जिंकलेलं सांभाळणं वेगळं, आणि सांभाळणं कुणी शिकवत नाही हो.

बाकी आपल्याकडे 'पोरीनं नशीब काढलं' म्हणतात तेव्हा बँक बॅलन्स कोण विचारतं, माणसं चांगली मिळाली एवढाच अर्थ असतो (सासरी दोन गाड्या असतील तर जरा जोरात म्हणतात ते सोडा).

महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून आहे, हौस असेल तर तिकीट काढा, फक्त लागलंच तर आधी चांगला सीए गाठा आणि व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस तेवढं टाकू नका.