अल्टरनेटर बदलायचा की गाडीच बदलायची?

तुमची डिझेल एसयूव्ही ११ वर्षांची, १ लाख ६० हजार किलोमीटर धावलेली. मीटरवर बॅटरीचा दिवा लागलाय आणि गॅरेजने नवा अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर वीज बनवून बॅटरी भरणारा भाग), बॅटरी, तो फिरवणारा बेल्ट असा एकत्र खर्च सांगितलाय. तो गाडीच्या आजच्या विक्रीकिमतीच्या १२ टक्के होतो. एवढे पैसे घालावेत की गाडी विकून पाच वर्षांच्या कर्जावर नवी घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. तुम्हीच दिलेल्या आकड्यांनुसार हा खर्च नव्या गाडीच्या दोन हप्त्यांएवढा आहे.

दुरुस्त करा. मात्र आधी मोजमाप करून घ्या, आणि तिन्ही वस्तूंना एकदम होकार देऊ नका.

१२ टक्के ऐकून छातीत धस्स होतं, पण निर्णय त्या आकड्यावर घेऊ नका. दिवा लागलेली गाडी विकायला काढलीत तर गिऱ्हाईक वायरिंगची शंका काढून दुरुस्तीपेक्षा जास्तच किंमत पाडेल. त्यामुळे विकायचं ठरवलं तरी हा खर्च चुकत नाही. हिशोब असा करा: दुरुस्तीनंतर गाडी २४ महिने चालली, तर महिन्याला एका हप्त्याचा बारावा भाग पडतो. क्लच, सस्पेन्शन, टायर निघतील म्हणून हाच खर्च तिप्पट धरला तरी पाव हप्ता. चासीला खोल गंज चढला असेल किंवा इंजिन ऑइल खात असेल, तरच विक्रीचा विचार करा.

आता मोजमाप. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटर बॅटरीच्या टर्मिनलना लावा. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५ यायला हवेत. मग हेडलाइट आणि ब्लोअर पूर्ण लावून, इंजिन जरा रेस करून पुन्हा बघा. आकडा १३ च्या खाली घसरत गेला तर आधी बेल्ट सैल आहे का ते तपासा. १५ च्या वर गेला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय आणि तो बॅटरी शिजवतोय. अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर १४.४ आणि बॅटरीवर १३.२ असेल, तर अल्टरनेटर ठीक आहे. वायर, टर्मिनल किंवा अर्थिंग खराब आहे, आणि ते काम किरकोळ खर्चात होतं. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, दिवा लागतच नसेल तर तोही बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच जातो. बल्ब उडाला की चार्जिंग होत नाही.

दोष अल्टरनेटरमध्येच निघाला तरी सगळा अल्टरनेटर बाद झालेला नसतो. एवढ्या किलोमीटरला बहुतेक वेळा फिरत्या भागाला करंट पोहोचवणारे कार्बन ब्रश झिजून पाच मिलिमीटरच्या आत आलेले असतात किंवा बेअरिंग घरघरतं. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे तो उघडून घ्या आणि ब्रश जिच्यावर घासतात त्या स्लिप रिंगवर नख फिरवून बघा. नख अडकेल इतकी खाच पडली असेल, किंवा वाइंडिंग (तांब्याच्या तारेची वेटोळी) काळं पडून जळका वास येत असेल, तर नवाच घ्या. रिंग गुळगुळीत असेल तर ब्रश, रेग्युलेटर आणि दोन्ही बेअरिंग बदलून तोच अल्टरनेटर वापरा. निम्म्या किमतीत मिळणारा रिकंडिशन्ड मला फारसा पसंत नाही. आत काय बदललंय ते कळत नाही, आणि तो बंद पडला तर काढण्या-बसवण्याची मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते. घ्यायचाच तर लेखी वॉरंटी हवी, आणि अँपिअर मूळ अल्टरनेटरपेक्षा कमी नसावेत.

डिझेल गाडीत आणखी एक गोष्ट हमखास निसटते. ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम पंप अनेकदा अल्टरनेटरच्याच पाठीला असतो. त्याचं सील गळलं की इंजिन ऑइल आत शिरून ब्रश खराब होतात. नव्या अल्टरनेटरच्या भावात पंप आहे का, हे विचारा. जुना, गळका पंप नव्यावर चढवला तर काही महिन्यांत तोच खर्च पुन्हा येईल.

बॅटरी लगेच टाकू नका. बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून तिची लोड टेस्ट (भार टाकून व्होल्टेज किती टिकतं ते बघणं) करून घ्या. पास झाली तर तीच चालवा. नापास झाली तर मात्र आजच बदला, कारण मेलेली बॅटरी भरण्याच्या नादात अल्टरनेटर तापून जळू शकतो. बेल्टला चिरा असतील तर तो याच वेळी बदला. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर तेव्हा उघडा असतो, वेगळी मजुरी पडत नाही. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग बघणारा’ मेकॅनिक असेल तर त्याला थांबवा. त्या झटक्यात ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो, आणि तो खर्च अल्टरनेटरच्या पुढचा आहे.

पैसे तुमच्या आपत्कालीन निधीतून काढा, क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर नको. निधी दोनच महिन्यांच्या खर्चाचा आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून काढलेली रक्कम सहा महिन्यांत परत भरा आणि त्यानंतर दरमहा पाव हप्ता गाडीसाठी वेगळा ठेवा. बिलावर सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या, आणि काढलेला जुना भाग ताब्यात घ्या. नव्यावर जुना परत दिल्याबद्दल सूट मिळणार असेल, तर ती रक्कमही बिलात दिसली पाहिजे.