गॅपनंतरची मुलाखत: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

काही काळ घरी राहून पुन्हा नोकरी शोधणाऱ्यांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. एक गोष्ट सगळ्यांनाच लागू आहे. समोरच्याला तुमच्या गॅपचा हिशोब फारसा नको असतो. त्याला दोन शंका असतात: कामाची सवय राहिली आहे का, आणि ही व्यक्ती टिकेल का. तयारी या दोन शंकांची करा.

लग्नाआधी आणि नंतर मिळून सहा वर्षं मी एका ट्रेडिंग फर्ममध्ये अकाउंट्स पाहायचे. मुलगी झाल्यावर 2018 मध्ये नोकरी सोडली. आता दोन मुलाखती दिल्या आणि दोन्हीकडे ‘मधली इतकी वर्षं काय करत होतात?’ इथेच अडखळले. नेमकं काय सांगू? (ठाणे)

पन्नास सेकंदांत संपेल एवढंच सांगा. कारणाला एक वाक्य पुरतं. नंतर काम पुन्हा हातात घेण्यासाठी काय केलं ते सांगा आणि शेवटी या जागेशी तुमचा संबंध जोडा. उदाहरणार्थ: “मुलगी लहान होती म्हणून 2018 मध्ये नोकरी थांबवली. आता ती शाळेत जाते, घरची व्यवस्था लागली आहे. सध्या मी टॅलीप्राइमवर सराव करते आणि ओळखीच्या एका दुकानाचं महिन्याचं जीएसटीचं काम त्यांच्या सीएंच्या हाताखाली पाहते. तुमच्या जाहिरातीत खरेदी बिलांचं काम लिहिलं आहे, मागच्या नोकरीत माझं मुख्य काम तेच होतं.” अर्थात, यातलं जे खरोखर केलं असेल तेवढंच बोला.

मग थांबा. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच. समोरचा दोन क्षण गप्प राहिला की आपण ती पोकळी भरायला लागतो: सासूबाईंचं आजारपण, कोविड, बदली, शाळेचं अ‍ॅडमिशन. प्रत्येक नव्या कारणातून एक नवा प्रश्न निघतो. ‘घर सांभाळणं हेही मॅनेजमेंटच आहे’ हे वाक्यही टाळा. ते काम कष्टाचं असतं यात शंकाच नाही, पण अकाउंट्सच्या जागेसाठी बसलेल्या माणसाला ते तपासता येत नाही. सोसायटीचे किंवा बचत गटाचे हिशोब लिहिले असतील तर मात्र आकड्यांसकट सांगा: सभासद किती, वर्षाची उलाढाल किती, ऑडिट झालं का.

खरी परीक्षा त्यानंतरच्या प्रश्नांत आहे, कारण तुम्ही गेल्यानंतर या क्षेत्रात बरंच बदललं. तुमच्या वेळचं हिशोबाचं सॉफ्टवेअर टॅली ईआरपी 9 जाऊन 2020 च्या अखेरीस टॅलीप्राइम आलं. मेनूची मांडणी बदलली आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी हात चाचपडतो. ऑगस्ट 2020 पासून जीएसटीआर-2बी आलं. पुरवठादारांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून तयार होणारी ही तुमच्या खरेदी बिलांची यादी, तशीच 2ए ही आधीची. 2ए आणि 2बी यांतला फरक हमखास विचारतात: पुरवठादार विवरणपत्रं भरत जाईल तसं 2ए बदलत राहतं, तर 2बी साधारण पुढच्या महिन्याच्या 14 तारखेला तयार होतं आणि क्रेडिटचा, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीचा, निर्णय त्यावर ठरतो. 1 जानेवारी 2022 पासून पुरवठादाराने न दाखवलेल्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही. म्हणून ‘2बीमध्ये बिल दिसत नसेल तर काय कराल?’ याचं उत्तर तयार हवं: बिलाचा नंबर, तारीख आणि जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) ताडायचे, पुरवठादाराला कळवायचं, तोवर क्रेडिट बाजूला ठेवायचं.

1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्यांमधल्या विक्रीसाठी ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागतं. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. बहुतेक वस्तू 5 आणि 18 टक्क्यांत आल्या, मोजक्या वस्तूंवर 40 टक्के आहे. आयकरात 43बी(एच) या नावाने ओळखला जाणारा नियम 2023-24 या आर्थिक वर्षापासून लागू झाला. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत दिले नाहीत आणि वर्षअखेरीस ते थकलेलेच राहिले, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीत धरत नाहीत, पैसे देता त्या वर्षी धरतात. नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासूनचा आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, तेव्हा क्रमांक घोकण्यापेक्षा नियम समजून घ्या.

टॅलीप्राइमचा शैक्षणिक मोड परवान्याशिवाय चालतो. महिन्यातल्या मोजक्याच तारखांना नोंदी करता येतात, पण सरावाला तेवढं पुरतं. वीस खरेदी बिलं, दहा विक्री बिलं, दोन डेबिट नोटा आणि एक बँक रिकन्सिलिएशन (बँक स्टेटमेंटशी हिशोब जुळवणं) स्वतः करा. अनेक ठिकाणी मुलाखतीतच संगणकापुढे बसवून दोन-चार नोंदी करायला लावतात.

आयटी कंपनीतून कपातीत नोकरी गेली, चौदा महिने झाले. मित्र म्हणतो, रेझ्युमेत शेवटची तारीख आठ-दहा महिने पुढे ओढ, कोण बघतंय? (हिंजवडी, पुणे)

बघतात. तुमच्या यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकावर, प्रत्येक कंपनीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख नोंदलेली असते आणि पडताळणी करणाऱ्या संस्था सर्व्हिस हिस्टरी मागतात. रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन पगारपावत्या, फॉर्म 16 आणि बँक स्टेटमेंट एकमेकांशी जुळावे लागतात. चौदा महिन्यांच्या गॅपमुळे नोकरी नाकारली जाईलच असं नाही. खोटी तारीख सापडली तर हातातली ऑफर जाते, आणि रुजू झाल्यावर सापडली तर नोकरी जाते.

उलट, अर्ज पाठवण्याआधी ईपीएफओच्या (पीएफ संघटनेच्या) पोर्टलवर स्वतःची सर्व्हिस हिस्टरी उघडून पाहा. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलेलीच नसते किंवा चुकीची भरलेली असते, असं खूपदा होतं. तारीख भरलेली नसेल तर शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाल्यावर ती सभासदाला स्वतः नोंदवता येते. चुकीची असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ऑफर आल्यावर धावपळ करू नका.

कपातीबद्दल विचारलं तर: “आमचा प्रोजेक्ट बंद झाला, टीममधल्या बहुतेकांना जावं लागलं.” एवढंच. जुन्या मॅनेजरवर एक शब्दही बोलू नका, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं असलं तरी.

पगाराच्या अपेक्षेबाबत एक सावधगिरी. गॅपच्या अपराधीपणातून लोक स्वतःच आकडा पाडतात आणि पुढची कित्येक वर्षं ती घट भरून निघत नाही. त्या पदाचा सध्याचा बाजारभाव दोन-तीन ओळखीच्यांकडून आणि जाहिरातींतून काढा आणि 15 ते 20 टक्क्यांचा पट्टा सांगा. त्याचं खालचं टोक तुम्हाला खरोखर चालणारं असावं, कारण बोलणी तिथूनच सुरू होतात. सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ऐकून हुरळू नका. त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा, मूळ पगाराच्या 4.81 टक्के धरलेली ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कमही असते. “यात निश्चित किती आणि बदलती किती?” हे विचारणं अगदी रास्त आहे.

मेकॅनिकल इंजिनिअर आहे. एक वर्ष नोकरी करून चार वर्षं एमपीएससीची तयारी केली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो. आता कंपनीत अर्ज करतोय. हे सांगावं की लपवावं? (छत्रपती संभाजीनगर)

सांगा, रेझ्युमेतही लिहा: ‘राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, दोनदा मुख्य परीक्षेस पात्र’, पुढे वर्षं. लाखोंच्या स्पर्धेत पूर्वपरीक्षा दोनदा पार करणं हे अपयश नाही, तसं तोंड करून ते सांगूही नका. मराठवाड्यातल्या निम्म्या मुलाखतकारांच्या घरातला कुणीतरी हीच वाट चाललेला असतो.

त्यांची खरी भीती पुढच्या प्रश्नात आहे: “जाहिरात निघाली की परत जाल का?” इथे गुळमुळीत बोललात की जागा गेली. निर्णय झाला असेल तर स्पष्ट सांगा: “या वर्षापासून परीक्षा थांबवली आहे, अर्ज भरलेला नाही.” निर्णय झाला नसेल तर आधी तो घ्या, मुलाखत नंतर द्या. आत एक आणि बाहेर एक असलं की ते आवाजात कळतं.

मग विषयाकडे वळा. वाळूज किंवा चाकणच्या क्वालिटी आणि प्रॉडक्शनच्या मुलाखतीत मूलभूत गोष्टी विचारतात आणि चार वर्षं राज्यघटना वाचलेला माणूस नेमका तिथेच अडकतो. नेहमीच्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वात लहान माप) 0.02 मिमी, मायक्रोमीटरचा 0.01 मिमी. गो-नो गो गेज कसा वापरतात, सात क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) टूल्स कोणती, फाइव्ह व्हायचं (पाचदा ‘का?’ विचारून मूळ कारण शोधण्याचं) एक उदाहरण, ड्रॉइंगवरची टॉलरन्सची चिन्हं. आधीच्या नोकरीतला एक बिघाड निवडून लिहून काढा: पार्ट कोणता, दोष काय, कारण कसं सापडलं, रिजेक्शन कितीवरून कितीवर आलं. आकडा आठवत नसेल तर अंदाजे आहे असं सांगा, बनवू नका.

‘मुलांना कोण सांभाळतं?’ असं विचारलं तर राग येतो. उत्तर द्यायचं की नाही? (नाशिक)

राग रास्त आहे. हा प्रश्न पुरुष उमेदवाराला सहसा कुणी विचारत नाही. नोकरी हवी असेल तर एका वाक्यात विषय मिटवा: “त्याची व्यवस्था झाली आहे, कामाच्या वेळा मला जमतात.” आजी सांभाळते की पाळणाघर, हे सांगायची गरज नाही. लगेच तुम्ही विचारा: शिफ्ट असते का, महिनाअखेरीस किती उशीर होतो, पाळणाघर आहे का. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली आहे. तुमच्या प्रश्नांना ते कसं उत्तर देतात, त्यावरून ती जागा कशी आहे हेही कळेल.

नैराश्यामुळे दीड वर्ष काम बंद होतं. खरं सांगू का? (कोल्हापूर)

आजाराचं नाव सांगायला तुम्ही बांधील नाही. “तब्येतीच्या कारणाने थांबले होते, उपचार पूर्ण झाले, आता पूर्ण वेळ काम करू शकते” हे पुरे आहे, तेवढं खरं असेल तर. उपचार चालू असतील तर ‘पूर्ण झाले’ऐवजी ‘तब्येत स्थिर आहे’ म्हणा. पूर्ण वेळ अजून झेपत नसेल तर अर्धवेळ काम शोधा. झेपेल तेवढंच काम पत्करणं तुमच्या तब्येतीसाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे.

उत्तरं पाठ केली तर पोपटासारखी वाटतात, नाही केली तर सुचत नाही. सराव कसा करू? (पणजी)

वाक्यं पाठ करू नका, प्रसंग पक्के करा. जुन्या कामातले पाच-सहा निवडा: एक चूक जी तुम्ही सुधारली, एक भांडण जे मिटवलं, एक काम जे मुदतीत उरकलं, एक नवीन शिकलेली गोष्ट, एक नाराज ग्राहक. प्रत्येकासाठी कागदावर चारच शब्द लिहा आणि त्यांवरून दीड मिनिट बोला. ‘तुमची कमकुवत बाजू कोणती?’, ‘दबावात कसं काम करता?’ यांसारखे बहुतेक प्रश्न यातल्याच एखाद्या प्रसंगाने सुटतात.

मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर आपल्याला काय म्हणायचं होतं तेच ऐकू येतं. दोन मिनिटांवर गेलेलं उत्तर कापा. मुलाखत इंग्रजीत असेल तर निदान पहिलं मिनिट आणि गॅपचं उत्तर इंग्रजीत मोठ्याने दहा वेळा बोला, मनातल्या मनात नव्हे. मधेच शब्द अडला तर मराठी, कोकणी किंवा हिंदी शब्द वापरून पुढे जा. व्हिडिओ कॉल असेल तर उजेड चेहऱ्यावर पडेल असं बसा, खिडकी पाठीमागे नको. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर टेकवा, आणि एक दिवस आधी त्याच जागेवरून, त्याच वेळी कुणाला तरी कॉल लावून आवाज आणि नेटवर्क तपासा.