बोलेरोला क्रोम व्हील टाकू की पॉलिशवाले अलॉय?
भाऊ, गाडी रोज पांदण रस्त्यानं वावरात जात असन तर सरळ पॉलिशवाले घ्या. क्रोम म्हणजे चाकावर निकेल अन् क्रोमियमचा पातळ थर चढवलेला असते, नवीन आहे तोवर आरशासारखं चमकते, पण गिट्टी लागून टवका उडाला की तिथून पाणी आत शिरते, मग फोड येऊन पापुद्रे निघतात अन् ते घरी काही दुरुस्त होत नाही, पुन्हा प्लेटिंग करा नाहीतर चाकच बदला. आपल्याकडं तर पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा रिमच्या आतून चिकटून ओलाच राहते, त्यात पोटॅश खताचं पोतं सांडलं तर त्यातलं क्लोराइड धातूला अजून खाते.

पॉलिशवालं म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच घासून चमकवलेलं, ओरखडा आला तर पुन्हा बफिंग होते. फक्त घेताना विचारा, वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, आहे का? असन तर मेटल पॉलिश घासू नका, शाम्पूचं पाणी पुरते. नसन तर लवकर पांढुरकं पडते, वरचेवर हात मारा लागते. अ‍ॅसिडवालं क्लीनर कोणत्याच चाकाला नको. गाडी डांबरी रोडवरच चालत असन तर क्रोम खुशाल घ्या, दिसायले भारीच दिसते.