मित्रमंडळी, मोटरहोम आणि समुद्रकाठचा रस्ता: वाचकांचे प्रश्न

समुद्रकाठाने मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेऊन निघणाऱ्या गटांचे प्रश्न या वेळी निवडले आहेत. त्यातल्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच आहे. गाडी ठरवताना आपण तिच्यातल्या झोपायच्या जागा मोजतो. प्रत्येक वाढत्या माणसामागे वाढणारं वजन, पाणी आणि वीज मोजायचं राहून जातं.

प्रश्न: भाड्याच्या मोटरहोममध्ये सहा जणांची झोपायची सोय आहे असं लिहिलंय. आम्ही पाच मित्र आहोत. सोबत दोन सायकली आणि घडीच्या खुर्च्या न्यायच्या आहेत. गाडी पुरेल ना?

आधी सीटबेल्ट मोजा. झोपायच्या जागा सहा आणि बेल्ट असलेल्या सीट चारच, असं अगदी सर्रास असतं. जेवणाच्या टेबलाजवळच्या आडव्या बाकाला बेल्ट नसेल, तर गाडी चालू असताना त्यावर कुणीही बसायचं नाही. पाचवा बेल्ट नसेल तर दुसरी गाडी बघा, पुढचा हिशोब करायची गरजच नाही.

बेल्ट आहेत असं धरू. आता वजन, कारण खरी गोम तिथेच आहे. कागदपत्रांत दोन आकडे शोधा: गाडीचं कमाल एकूण वजन आणि चालू स्थितीतलं, म्हणजे सामान भरण्याआधी निघायला तयार असलेल्या गाडीचं वजन. समजा, कमाल वजन ३,५०० किलो आणि चालू स्थितीतलं ३,०५० किलो आहे. म्हणजे ४५० किलो शिल्लक. या ३,०५० मध्ये चालक बहुधा धरलेला असतो, म्हणून उरलेले चौघे घ्या: प्रत्येकी ७५ प्रमाणे ३०० किलो गेले. पाच जणांच्या बॅगा, प्रत्येकी १२ किलो, म्हणजे ६०. भांडीकुंडी आणि शिधा ४०. टेबल-खुर्च्या २५. सायकली आणि त्यांचा रॅक ५०. बेरीज ४७५. म्हणजे पाण्याचा थेंब न भरता तुम्ही २५ किलो वर गेलात. चालू स्थितीतल्या वजनात पाणी किती लिटर धरलंय तेही विचारा. २० लिटरच धरलं असेल आणि तुम्ही १०० लिटरची टाकी काठोकाठ भरलीत, तर आणखी ८० किलो वाढतात. जास्तीचं वजन १०५ किलोवर गेलं.

सायकलींचा रॅक दिसतो त्याहून जड पडतो. तो मागच्या चाकांच्याही मागे असल्यामुळे तरफेसारखं काम करतो. पुढच्या-मागच्या चाकांत ४ मीटर अंतर आणि मागच्या चाकांपासून रॅक २.४ मीटर मागे असेल, तर ५० किलोचा रॅक मागच्या ॲक्सलवर (म्हणजे मागच्या चाकांच्या जोडीवर) ८० किलो टाकतो आणि पुढच्या ॲक्सलवरून ३० किलो उचलतो. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल, तर ओल्या गवतावर पुढची चाकं जागच्या जागी फिरतात, त्याचं हे एक मोठं कारण.

म्हणून निघण्याआधी सगळे बसलेले, सामान भरलेलं अशा स्थितीत गाडी वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या ॲक्सलचं वजन मिळतं. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा ॲक्सल मात्र मर्यादेबाहेर, असंही होतं. तसं झालं तर जड वस्तू दोन्ही ॲक्सलच्या मधे, खालच्या कप्प्यांत आणा. एकूणच जास्त भरलं तर पाणी कमी करा, सायकली ठेवून जा, आणि तरीही भागत नसेल तर पाच जणांसाठी दोन लहान गाड्या घ्या. आम्ही तरी हाच सल्ला देऊ.

हे सगळं वजन पेलणाऱ्या टायरचं वयही बघा. त्यावर एका लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. मोटरहोमचा टायर झिजण्याआधी वयाने कडक होतो, त्यामुळे नक्षी खोल आहे म्हणून टायर चांगला असं समजू नका. हवेचा दाब सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा.

प्रश्न: आम्ही चौघं आहोत. वीज-पाण्याची जोडणी नसलेल्या जागी समुद्राकाठी दोन रात्री राहायचंय. पाण्याची टाकी १०० लिटरची, बॅटरी १०० अँपिअर-तासांची. जमेल का?

पाण्याचा रोजचा हिशोब असा मांडा: पिण्याचं १२ लिटर, स्वयंपाक आणि भांडी १२, तोंड-हात धुणं १२. झाले ३६. त्यात प्रत्येकाने आटोपशीर अंघोळ केली, म्हणजे अंग भिजवून नळ बंद, साबण लावून पुन्हा नळ सुरू, तर माणशी ६ लिटर, चौघांचे २४. एकूण ६०. अशाने टाकी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोरडी पडते. नळ चालू ठेवून अंघोळ केली तर मिनिटाला ७-८ लिटर सहज जातात. त्यामुळे दोन रात्रींत अंघोळ एकदाच.

बहुतेक जण सांडपाण्याची टाकी विसरतात. वापरलेलं पाणी गाडीखालच्या टाकीत जमतं आणि ती पुष्कळदा वरच्या टाकीहून लहान असते. ताटं आधी कागदाने पुसून घ्या. तेल आणि खरकटं टाकीत गेलं की उन्हात दोन दिवसांत वास सुटतो.

शौचालयाची कॅसेट, म्हणजे मैला साठवणारी काढता येणारी टाकी, साधारण १७ ते २० लिटरची असते. चौघांना ती जेमतेम दोन दिवस पुरते, म्हणून दिवसा सार्वजनिक सोय असेल तिथे ती वापरा. कॅसेट काढण्याआधी आतली सरकती झडप पूर्ण बंद झाल्याची खात्री करा. ओतताना तोंड खाली करून हवेचं बटण दाबून धरा. ते दाबलं नाही तर आत हवा अडते, घळाघळा उसळी येते आणि शिंतोडे उडतात. झडपेच्या रबराला सिलिकॉनचं वंगण लावा. पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं आणि गळती सुरू होते. आणि कॅसेट फक्त तिच्यासाठी नेमलेल्या जागीच रिकामी करायची. झुडपात नाही, समुद्रात नाही, पावसाच्या गटारात तर नाहीच. त्यातलं रसायन आणि मैला ओहोटीबरोबर लांब जात नाही. खडकांमधल्या डबक्यांत साचून राहतो.

आता वीज. बॅटरी शिसे-आम्लाची असेल तर १०० पैकी ५० अँपिअर-तासच वापरायचे, त्याखाली गेल्यास तिचं आयुष्य घटतं. कंप्रेसरचा फ्रीज दिवसाला ३५ च्या आसपास घेतो. दिवे आणि पंप ६, चार फोन ६. झाले ४७. म्हणजे एक दिवस. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असेल तर ८०-९० वापरता येतात आणि मधे तासभर गाडी चालवलीत तर दोन दिवस निघतात. केस वाळवण्याचं १,५०० वॉटचं यंत्र इन्व्हर्टरवर लावलं तर १२ व्होल्टच्या बाजूने सुमारे १४० अँपिअर ओढतं. पाच मिनिटांत १२ अँपिअर-तास गेले. जुनी बॅटरी तेवढा भार पेलतच नाही; व्होल्टेज कोसळून इन्व्हर्टर बंद पडतो. ते यंत्र घरी ठेवलेलं बरं.

प्रश्न: भूशिरावर मुक्काम केला. वाऱ्याने गॅसचा फ्रीज सारखा विझत होता. गाडीच्या तळातल्या जाळीतून गार हवा आणि वाळू येत होती, म्हणून तिथे टॉवेल कोंबला. हे बरोबर का?

टॉवेल आधी काढा. ती जाळी वाऱ्यासाठी नाही, तुमच्या जिवासाठी आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो आणि त्या जाळीतूनच बाहेर पडतो. जाळी बंद, वरच्या झडपाही बंद आणि आत शेगडी पेटलेली, अशा वेळी कार्बन मोनॉक्साइड साचतो. या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. गाडीत त्याचा गजर करणारं यंत्र असलंच पाहिजे, आणि त्याचं चाचणीचं बटण मुक्कामाच्या पहिल्या संध्याकाळी दाबून बघा. शेगडी पेटवून गाडी उबदार करण्याचा विचारही नको. छताची झडप बोटभर उघडी राहू द्या. चौघांच्या श्वासातून आणि घामातून रात्रीत लिटरभर पाणी सहज हवेत जातं. ते बाहेर पडलं नाही तर सकाळी गाद्यांखालून ओल लागते.

फ्रीजसाठी उपाय सोपा आहे. बाहेरच्या भिंतीवरच्या त्याच्या दोन जाळ्या वाऱ्याच्या आडोशाला येतील अशी गाडी वळवा. गाडी समपातळीतही हवी, कारण गॅसवर चालणारा फ्रीज कललेल्या जागी नीट गार होत नाही. तो १२ व्होल्टवर फक्त गाडी चालू असतानाच ठेवा.

वारा वाढला की गाडीचं नाक वाऱ्याकडे करा. आडवा वारा उंच भिंतीवर आदळून रात्रभर गाडी हलवतो. बाहेर ओढायचं छत वारा येण्याआधी गुंडाळा, कारण एका झोतात त्याचे हात वाकतात. दार उघडताना दोन्ही हातांनी धरा, बिजागरी तुटते ती अशाच वेळी.

प्रश्न: फेरीबोटीवर चढताना मागचा भाग जोरात घासला. वेग तर अगदी कमी होता.

दोष वेगाचा नाही, सांध्याचा आहे. उतार आणि सपाट भाग जिथे खोलगट कोनात मिळतात, तिथे मागची चाकं पोचताच त्यांच्या मागे लोंबणारा भाग जमिनीला टेकतो. ओहोटीला बोट खाली जाते, उतार तीव्र होतो आणि हा कोन आणखी वाईट होतो. म्हणून शक्यतो भरतीच्या जवळपासची फेरी घ्या. सायकलींचा रॅक रिकामा करा, मागे बसलेल्यांना उतरवा, आणि परवानगी असेल तर सांधा थोडा तिरका ओलांडा, म्हणजे एका वेळी एकच चाक खाली जातं. तिकीट काढताना गाडीची लांबी रॅकसकट सांगा. बोटीत गॅसचा सिलिंडर बंद, गाडी गिअरमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला.

प्रश्न: ओहोटीला वाळू अगदी घट्ट असते. रात्रभर तिथेच गाडी लावली तर?

लावू नका. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यावर पाणी सारख्या गतीने चढत नाही. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, मग दोन, मग एक, असा ठोकताळा आहे. चढ ४ मीटरचा असेल तर पहिल्या तासात ३३ सेंटिमीटर, पण तिसऱ्या तासात पूर्ण १ मीटर. वाळूला ५० मीटरला १ मीटर एवढाच उतार असेल, तर त्या एका तासात पाणी ५० मीटर आत येतं. तासभर शांत बसलेला माणूस फसतो तो इथेच. शिवाय भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण येतं. त्या दिवसांत कालची सुकलेल्या शेवाळाची रेघ आजची हद्द नसते.

काठावरच्या ओल्या गवतात चाक रुतलं तर ते फिरवत बसू नका. प्रत्येक फेऱ्याला खड्डा खोल होतो. मागच्या सगळ्यांना उतरवा, स्टिअरिंग सरळ करा, चाकांपुढची माती काढून चटया घाला. चाक घसरू न देणारी यंत्रणा बंद करा, नाहीतर ती इंजिनाचा जोर कापते. मग दुसऱ्या गिअरमध्ये हलकेच. ज्या चाकोरीतून आलात त्याच चाकोरीतून मागे जाणं बहुधा सोपं पडतं. चटयांच्या रेषेत कुणीही उभं राहू नये, त्या चाकाखालून जोरात उडतात.

प्रश्न: तीन दिवस किनाऱ्यावर उभी असलेली गाडी हलेना. हँडब्रेक सोडला तरी मागचं चाक अडकलेलं.

खारट ओल आणि हँडब्रेक यांची ही जुनी गाठ आहे. ओल्या डिस्कवर किंवा ड्रमवर ब्रेकचं अस्तर दाबून राहिलं की मधल्या गंजाने ते चिकटतं. गाडी हळू पुढे-मागे केल्यावर बहुधा 'टक्' आवाज होऊन सुटतं. नाही सुटलं तर जोर करू नका, अस्तर उखडेल. पुढच्या वेळी सपाट जागी पोचताना शेवटचे काही मीटर हलका ब्रेक लावून डिस्क कोरड्या करा, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी लावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि मग हँडब्रेक सोडा. परत आल्यावर गाडीचा तळ आणि पायरीची बिजागरी गोड्या पाण्याच्या साध्या धारेने धुवा. खिडक्या ॲक्रिलिकच्या असतात. त्यांवरची वाळू आधी पाण्याने ओघळू द्या, मगच मऊ कापड लावा. अल्कोहोल असलेलं काच पुसायचं द्रव वापरलं तर त्यांना बारीक तडे जातात.