गुरुत्वीय भिंग शिकताना आधी सूर्य घ्या

एकदम दीर्घिकांच्या गणितात उडी घेऊ नका. गुरुत्वीय भिंग म्हणजे जड वस्तूच्या गुरुत्वाने तिच्या मागून येणारा प्रकाश वळणं. आधी सूर्याच्या कडेला लागून जाणारा किरण किती कोनातून वळतो, तो आकडा स्वतः काढा. सूर्यासाठी जीएम भागिले सी-वर्ग (जी गुरुत्व स्थिरांक, एम वस्तुमान, सी प्रकाशवेग) म्हणजे 1.477 किमी. त्याची चौपट, 5.91 किमी, सूर्याच्या त्रिज्येने (6,96,000 किमी) भागा. उत्तर रेडियनमध्ये येईल. 2,06,265 ने गुणलंत की 1.75 आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3,600वा भाग). 0.87 आलं, तर चौपटऐवजी दुप्पट घेतली आहे. ते न्यूटनच्या हिशेबाचं उत्तर, त्यात अवकाशाची वक्रता नसते.

काचेच्या भिंगाचं चित्र मात्र डोक्यातून काढाच. तिथे कडेचा किरण जास्त वळतो, इथे मध्याजवळचा. म्हणून एक नाभिबिंदू मिळतच नाही. वाइनच्या ग्लासचा देठाशी जाड, कडेला पातळ तळ घ्या आणि त्यातून कागदावरचा ठिपका बघा. नेमका मध्यावर आला की ठिपक्याचं कडं होतं, जरा सरकवलंत की दोन तुकडे. फार सुंदर दिसतं!

पुढे आइनस्टाइन कड्याची (स्रोत नेमका भिंगामागे असताना दिसणाऱ्या प्रकाशाच्या कड्याची) त्रिज्या काढताना हमखास चूक होते ती अंतरांत. भिंग ते स्रोत अंतर साध्या वजाबाकीने काढू नका. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे कोनीय व्यास अंतरं (वस्तूचा खरा आकार भागिले तिचा दिसणारा कोन) तशी वजा होत नाहीत. सरावाला 1979 मध्ये सापडलेला जुळा क्वेसार (दूरच्या दीर्घिकेचं अतितेजस्वी केंद्र; इथे एकाच्याच दोन प्रतिमा दिसतात) 0957+561 घ्या: दोन प्रतिमांत सुमारे 6 आर्कसेकंद, ताम्रसृती (प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती पट वाढली त्याचं माप) दोघींची 1.41, भिंग-दीर्घिकेची 0.36.